आधी छाप, मग गाऊन

लंडनच्या ज्या गाऊननी १९७० च्या दशकात जगाचं लक्ष वेधलं, त्यांची सुरुवात छपाईच्या टेबलावर झाली. एरवी डिझायनर आधी आकार ठरवतो आणि मग त्याला शोभेलसं कापड निवडतो. इथे मात्र कापड कुठे कापायचं, हे नक्षीच सांगू लागली.

छापील कापडाचं वेड इंग्लंडला जुनं, आणि ते गेलं आपल्याकडून. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानी चिटं, म्हणजे छापील सुती कापडं, लंडनला पोहोचली आणि तिथले लोकर-रेशमाचे विणकर हवालदिल झाले. पार्लमेंटने १७०० मध्ये छापील सुती कापडाच्या आयातीवर आणि १७२१ मध्ये ते अंगावर घालण्यावरही बंदी घातली. ती १७७४ मध्ये उठली. तोवर तिथल्या छपाईवाल्यांनी हे काम आत्मसात केलं होतं. पुढे लँकेशायरच्या गिरण्यांनी तेच कापड हिंदुस्थानात आणून विकलं. ब्रिटिश प्रिंटचं कौतुक करताना हा इतिहास गाळता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४१ ते १९४९ कपड्यांवर रेशनिंग होतं. त्यानंतर डोळे रंगाला भुकेले होते. राजघराण्याचे गाऊन डिझायनर नॉर्मन हार्टनेल करत. १९५३ चा राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेकाचा पोशाखही त्यांचाच, पण त्याची सारी श्रीमंती भरतकामात होती. छापाची हौस भागवली प्रेस्टनच्या हॉरॉक्सेस कंपनीच्या मोठमोठ्या फुलांच्या सुती फ्रॉकनी.

पुढचं पाऊल उचललं आर्ट कॉलेजांतून शिकलेल्या मुलामुलींनी. सॅलफर्डला कापडाचं डिझाइन शिकलेल्या सीलिया बर्टवेल आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून १९६५ मध्ये बाहेर पडलेले ऑसी क्लार्क ही जोडी म्हणजे दोघांत वाटलेलं एकच काम. फुलं-पानं तिची, कात्री त्याची. क्लार्क शिफॉन आणि क्रेप उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकं, बेतत, त्यामुळे कापड अंगावरून वाहत उतरे आणि बर्टवेल यांची नक्षी चालताना हलती राही. चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी काढलेलं या दांपत्याचं चित्र आज टेट संग्रहालयात आहे. नाव क्लार्क यांचं जास्त झालं. माझ्या मते अर्धं श्रेय बर्टवेल यांना उशिरा मिळालं.

सगळ्यात धीट मात्र झँड्रा ऱ्होड्स. जन्म १९४० चा, केंट परगण्यातल्या चॅटमचा. आई पॅरिसच्या वर्थ या नामांकित फॅशन हाउसमध्ये काम केलेली, नंतर मेडवे कॉलेजात शिकवणारी. रॉयल कॉलेजात ऱ्होड्स शिकल्या त्या कापडाची छपाई. त्यांचे छाप ब्रिटिश उत्पादकांना फार भडक वाटले, म्हणून त्या स्वतःच कपडे करू लागल्या. १९६९ मध्ये स्वतःचं पहिलं कलेक्शन घेऊन न्यूयॉर्कला गेल्या, तेव्हा अमेरिकन ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या संपादक डायना व्रीलँड यांनी ते उचलून धरलं.

ऱ्होड्स यांची रीत एका कपड्यावरून समजते. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्यांनी अमेरिकेतल्या मूलनिवासींचं पिसांचं काम पाहिलं, त्या पिसांची चित्रं काढली, ती शिफॉनवर छापली. आणि मग कात्री सरळ न चालवता प्रत्येक पिसाच्या कडेकडेने फिरवली. पदराचा काठ नेमका बाहीवर यावा म्हणून शिंपी ब्लाउजचं कापड फिरवून फिरवून बघतो, तसा इथे अख्खा गाऊन छापाभोवती बेतलेला. घेराची कड त्यामुळे सरळ रेषेत येतच नाही. पिसांची टोकं मोकळी लोंबतात. हे स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून रंग कापडावर उतरवणं, हातानं चाले, प्रत्येक रंगाला वेगळी चौकट. एका रंगाची चौकट जरा सरकली की नक्षी बिघडली.

‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा पांढरा, चुण्यांचा पंखासारखा टॉप ऱ्होड्स यांचाच, आणि राजकन्या डायनाही त्यांचे गाऊन घालत. १९७७ मध्ये त्यांनी पंक या बंडखोर तरुणांच्या फॅशनमधल्या सेफ्टी पिना आणि फाटकी भोकं जर्सी या ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या गाऊनवर आणली. २००३ मध्ये लंडनच्या बर्मंडसीत फॅशन अँड टेक्स्टाइल म्युझियम उघडलं, तेही त्यांच्याच पुढाकाराने.

पुढे डिजिटल छपाई आली आणि दर रंगाला चौकट करण्याचा खर्च संपला. ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांच्या २०१० च्या उन्हाळी कलेक्शनमधले सरपटणाऱ्या प्राण्यांच्या कातडीचे छाप आणि लंडनमध्येच शिकलेल्या मेरी कात्रांझू यांच्या कपड्यांवरच्या अत्तराच्या बाटल्या यातूनच आल्या. कंबरेला कोणता रंग यावा, खांद्यावर कोणती रेष, हे आता कपड्याच्या एकेका तुकड्यागणिक आधीच संगणकावर ठरवता येतं. शिवण नक्षीच्या मागे चालते, ती ऱ्होड्स यांच्या टेबलावर चालत होती तशीच.