धर्मग्रामाच्या स्काउट समितीला निधी गोळा करायचा आहे? परवानगी, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

शिबिराची तारीख ठरलेली असते, मुलांनी स्कार्फ इस्त्री करून ठेवलेले असतात, आणि सगळं अडतं ते पावती कोणाच्या नावाने फाडायची यावर. नाशिक आणि नाशिकरोडच्या धर्मग्रामांतून (कॅथलिक चर्चच्या पॅरिशमधून) स्काउट-गाइड पथकं चालवणाऱ्या पालकांची आणि स्काउटमास्तरांची हीच तक्रार पुन्हापुन्हा कानावर येते. म्हणून नेहमीच्या गोष्टी थोडक्यात सांगते आणि जिथे अर्ज परत येतो तिथे जरा थांबते.

भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये पथकाची नोंदणी असली की मुलांना चाचण्या, शिबिरं, सोपान (स्काउटांच्या पायऱ्या), राज्य पुरस्कार ही वाट मोकळी होते. लोकांकडून वर्गणी घेण्याची मुभा मात्र त्या नोंदणीतून मिळत नाही. पथकासाठी धावपळ करणारी पाच-सात जणांची समिती कायद्याच्या नजरेत कोणीच नसते. तिच्यापुढे दोनच रस्ते आहेत. एक, धर्मग्राम ज्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाखाली (ट्रस्टखाली) येतं त्याच्या नावाने, त्याच्याच पावतीपुस्तकावर आणि त्याच्याच खात्यात पैसे घेणं. दुसरा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढणं. नोंदणी नसलेली गणेशोत्सव मंडळं दर वर्षी काढतात तीच ही परवानगी.

पहिलाच रस्ता धरा, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या रस्त्याला ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, जागामालकाचं ना-हरकत पत्र हे सगळं जमवता येतं. गाडी अडते ती मागच्या वर्षीच्या हिशेबावर. रक्कम ५,००० रुपयांच्या वर गेली की सनदी लेखापालाच्या सहीचा हिशेब मागतात, आणि तो जवळजवळ कोणाकडेच नसतो. वहीत पेन्सिलीने मांडलेला जमाखर्च घेऊन माणसं खिडकीपाशी उभी राहतात आणि तशीच परत येतात. आधी कोणीतरी नीट सांगितलं असतं तर त्यांची रजा वाया गेली नसती.

न्यासाच्या रस्त्यानेही कागद लागतातच. समितीचा ठराव, धर्मगुरूंचं पत्र, धर्मग्रामाच्या अर्थ समितीची मंजुरी, अंदाजपत्रक आणि पथकाच्या चालू वर्षाच्या नोंदणीची प्रत. यातला ठराव सगळ्यात जास्त वेळा नापास होतो. व्हॉट्सअॅप गटावर सगळ्यांनी अंगठा दाखवला म्हणजे ठराव झाला, असं होत नाही. सभेची तारीख, हजर सभासदांच्या सह्या, कशासाठी किती रक्कम, संकलन कधी सुरू आणि कधी बंद, आणि पैशाच्या व्यवहारावर सह्या करणारी दोन माणसं, एवढं इतिवृत्ताच्या वहीत लिहिलेलं हवं. सह्या करणारी दोघं एकाच घरातली नसावीत. संशय कोणावरच नसतो, पण उद्या कोणी विचारलं तर उत्तर हातात असलेलं बरं.

चर्चचा स्वतःचा कायदाही इथे लागू आहे, आणि त्याचा विसर फार पडतो. १९८३ च्या कॅनन कायद्याचं कलम १२६५ म्हणतं की धार्मिक कार्यासाठी किंवा चर्चच्या संस्थेसाठी कोणा खाजगी व्यक्तीला दान मागायचं असेल तर धर्माधिकाऱ्यांची (उदा. बिशपांची) लेखी परवानगी हवी. ‘फादर हो म्हणाले’ एवढ्यावर भागत नाही. दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. तिथे गर्दीला वाट करून द्यायला, पाणी वाटायला स्काउट जरूर जावेत, पण पथकासाठी डबा फिरवायचा असेल तर आधी कागद हातात घ्या. भाविक ते पैसे देवळाला देत असतात.

आता मुदतीचं. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून समित्या अंदाजपत्रकही जूनमध्ये घेऊन येतात. न्यासाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आणि विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३१अ प्रमाणे ज्या न्यासांना अंदाजपत्रक सादर करावं लागतं, त्यांना ते वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी द्यायचं असतं. म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत. अर्थ समितीची बैठक त्याच्याही आधी. तुमचा आकडा तिथे जानेवारीत पोहोचला नाही तर वर्षभर ‘तरतूद नाही’ हेच ऐकावं लागेल, आणि त्यात अर्थ समितीचा दोष नसेल.

अंदाजपत्रकात ‘इतर खर्च’ हा रकाना मोठा दिसला की तपासणाऱ्याचा हात थांबतो. खर्च मुलामागे मांडा. समजा ३० मुलं तीन दिवसांच्या शिबिराला जाणार आणि जेवण-प्रवास मिळून मुलामागे ९०० रुपये, तर २७,००० झाले. त्यातले पालक किती देणार, खरी कमाईतून (मुलांनी स्वतः कष्ट करून मिळवलेल्या पैशातून) किती येणार, उरलेले कोणाकडे मागणार, हे त्याखालीच लिहा. नोंदणी शुल्क, प्रथमोपचार पेटी, तंबूचं भाडं, स्काउटमास्तरांचं प्रशिक्षण हे वेगळे रकाने ठेवा. ज्या मुलाच्या घरी ९०० रुपये निघणं अवघड आहे त्याच्यासाठीही रकाना असू द्या. तो नसला की ते मूल मुकाट्याने घरी राहतं, आणि हे मी पाहिलेलं आहे.

खरी कमाई हा स्काउटांचा हक्काचा मार्ग. ‘स्काउट काटकसरी असतो’ हे नियमातच आहे, आणि कष्टाने मिळवलेला रुपया मुलं जपून वापरतात. खाद्यपदार्थांचा स्टॉल लावणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणीचं आणि जागेच्या परवानगीचं आधी बघा. लहान मुलांना एकटं दारोदार पाठवू नका. लकी ड्रॉची तिकिटं मात्र छापूच नका. बिनपरवाना लॉटरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. ‘सगळेच करतात’ हे उत्तर पोलीस चौकीत चालत नाही.

देणगी घेताना दोन गोष्टी सांभाळा. २,००० रुपयांवरची रोख देणगी घेतली तर देणाऱ्याला ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, आणि सवलत मुळात न्यासाकडे ते प्रमाणपत्र असेल तरच. तसं आधीच सांगा, चेक किंवा यूपीआयने घ्या, आणि क्यूआर कोड न्यासाच्या खात्याचाच लावा. खजिनदाराच्या स्वतःच्या नंबरवर आलेला पैसा कितीही प्रामाणिक असला तरी हिशेबात तो त्याचा खाजगी पैसा दिसतो.

दुसरी गोष्ट परदेशी पैशाची. दुबईतल्या काकांकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसा त्यांच्या स्वतःच्या बचतीतला असेल तर तो परदेशी देणगीत मोडत नाही. कॅनडाचं किंवा पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलेल्या मावशीचे पाच हजार मात्र मोडतात, तिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. असा पैसा एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येतो, आणि तोही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. तिथून तो दुसऱ्या संस्थेकडे वळवायला २०२० च्या दुरुस्तीने बंदी आहे. मावशीला प्रेमाने नाही म्हणा.

शिबिर झालं की महिन्याभरात जमाखर्च लिहून चर्चच्या फलकावर लावा. लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब लोकांना द्यावा असं कॅनन १२८७ सांगतंच, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाला हाच कागद कामी येतो. पैसे उरले तर ते स्काउटांच्याच खात्यावर पुढे ओढा. ठराविक कामासाठी दिलेलं दान त्याच कामाला लागलं पाहिजे, हे कॅनन १२६७ मध्ये आहे. शिलकीतून चर्चचा पंखा घ्यायची सूचना आली तर हे कलम दाखवा आणि ती शिलकीची ओळ जानेवारीतल्या नव्या अंदाजपत्रकात सगळ्यात वर लिहा.