दोर वरून सोडायचा

अंतराळापर्यंत जाणाऱ्या लिफ्टचा विषय निघाला की डोळ्यांपुढे एखादा अफाट उंच मनोरा येतो. 1895 मध्ये कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की यांनाही आयफेल टॉवर पाहून मनोराच सुचला होता. 1960 मध्ये युरी आर्त्सुतानोव्ह या रशियन अभियंत्याने कल्पना उलटी केली: खालून बांधायचं नाही, वरून दोर सोडायचा.

वर म्हणजे विषुववृत्तापासून 35,786 किलोमीटर उंचीवर. तिथला उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्याच गतीने फिरतो, म्हणून जमिनीवरून तो एका जागी दिसतो; हीच भूस्थिर कक्षा. गॅलरीतली टीव्हीची डिश एकदा नेम धरून बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही, ती यामुळेच. तिथून एक दोर जमिनीकडे सोडायचा आणि तोल राखायला दुसरा बाहेरच्या बाजूला.

या लिफ्टचं दार 400 किलोमीटरवर उघडलं तर आपण तरंगू, असं अनेकांना वाटतं. नाही, आपण सरळ खाली पडू! तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के असतं. अंतराळ स्थानकातले लोक तरंगतात, कारण त्यांचं स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतं.

खरी गंमत दोराच्या जाडीत आहे. विहिरीत सोडलेल्या दोराला सगळ्यात जास्त ताण रहाटाजवळ बसतो, कारण खालच्या सगळ्या दोराचं वजन तिथे लोंबतं. तसंच इथेही, म्हणून दोर मध्यावर, म्हणजे भूस्थिर उंचीवर, जाड आणि टोकांकडे निमुळता हवा. किती जाड? उत्तम पोलादी तार साधारण 30 किलोमीटर लांब टांगली की स्वतःच्याच वजनाने तुटते. बुलेटप्रूफ जॅकेटमधल्या केव्हलारचा धागा सुमारे 250 किलोमीटर टिकतो. उंचीनुसार घटणारं गुरुत्वाकर्षण आणि फिरण्याचा परिणाम धरूनही आपली गरज जमिनीवरच्या गुरुत्वाकर्षणात टांगलेल्या सुमारे 5,000 किलोमीटर दोराइतकी आहे. 5,000 भागिले 250 म्हणजे 20, आणि जाडीचं गुणोत्तर e (गणितातली सुमारे 2.718 ही संख्या) चा 20 वा घात: दोर आडवा कापला तर मधल्या छेदाचं क्षेत्रफळ टोकाच्या जवळजवळ 50 कोटी पट! पोलादासाठी हा आकडा सत्तरहून अधिक अंकी होतो. पण 2,500 किलोमीटर टिकणारा धागा मिळाला तर e चा वर्ग, म्हणजे फक्त 7.4 पट. धागा दहापट बळकट झाला की अशक्य गोष्ट एकदम आवाक्यात येते, हे मला फार सुंदर वाटतं.

कार्बन नॅनोट्यूबकडे, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिसूक्ष्म, अतिबळकट नळ्यांकडे, लक्ष लागलंय ते यासाठी. जपानच्या ओबायाशी कंपनीने 2012 मध्ये 96,000 किलोमीटर दोराची योजना मांडली, 2050 पर्यंतची. पण 2013 मध्ये चीनमध्ये वाढवलेली अतिलांब नॅनोट्यूब जेमतेम अर्ध्या मीटरची होती. ‘लिफ्ट येतेच आहे’ अशा बातम्या वाचताना हे अंतर लक्षात ठेवावं. त्रिशंकूच्या कथेत भूस्थिर कक्षेचं ज्ञान होतं, हा दावाही तसाच निराधार. कथा सुरेख आहे, पण तिच्यात ना उंची आहे, ना पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब.

चंद्रावर मात्र गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश. तिथून पृथ्वीच्या दिशेने दोर ताणायचा असेल, तर आज कारखान्यात बनणारे धागेही पुरतात.