पार्श्वभूमी: रिचर्डसनचं कोर्ट आणि खाली गेलेला रस्ता

अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ॲलेगेनी काउंटी कोर्टात ग्रँट स्ट्रीटवरून शिरणारा माणूस आज मूळच्या तळघरात पाऊल टाकतो. वास्तुकार हेन्री हॉब्सन रिचर्डसनने तसं योजलेलं नव्हतं. जुनं कोर्ट 1882 मध्ये जळालं, निमंत्रितांची स्पर्धा झाली आणि काम त्याला मिळालं. 1886 मध्ये, वयाच्या 47व्या वर्षी तो गेला तेव्हा बांधकाम चालूच होतं. हाताखालच्या मंडळींनी ते 1888 मध्ये पुरं केलं.

खरा वाद पुढचा. ग्रँट स्ट्रीट टेकाडावरून जाई. चढामुळे वाहतूक आणि व्यापार अडतो म्हणून 1913 च्या सुमारास शहराने तो खोदून खाली नेला. तक्रार खरीच होती, पण किंमत कोर्टाने मोजली. मुख्य दार अधांतरी राहिलं. तिथवर बाहेरून जिना चढवला. पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून तोही काढला आणि तळघराच्या भिंतीत दारं पाडली. दगडी चौथऱ्यावर बसवलेली इमारत त्यामुळे उगाचच उंच, पाय लांबलेली दिसते. सुधारणा म्हणून याचं कौतुक करणारे त्या काळी कमी नव्हते.

रिचर्डसनच्या या कोर्टाची नक्कल मात्र जोरात झाली. सिनसिनाटी, मिनियापोलिस, टोरोंटो इथले सिटी हॉल, टेक्सासमधली कितीतरी कोर्टं: सगळीकडे खडबडीत दगड, जाड कमानी, एक उंच मनोरा. पिट्सबर्गचा मनोरा नुसता मिरवायला नव्हता. गिरण्यांच्या काजळीच्या वरची हवा तिथून ओढून खाली दालनांत सोडायची, अशी सोय होती. मधल्या चौकामुळे कोर्टांना दोन्हीकडून उजेड मिळे. नकलाकारांनी कमान उचलली, हवा-उजेडाचं हे गणित फारसं कुणी उचललं नाही.

शिकागोतलं रिचर्डसनचं घाऊक मालाचं प्रचंड दुकान 1930 मध्ये पाडलं आणि जागा गाड्या उभ्या करायला दिली. टोरोंटोचा सिटी हॉलही 1960 च्या दशकात जवळपास गेलाच होता. नागरिक उभे राहिले म्हणून वाचला. पिट्सबर्गच्या कोर्टामागचा तुरुंग, ज्याला दगडी पुलाने जोडलंय, 1995 मध्ये रिकामा झाला आणि 2000 मध्ये तिथे कौटुंबिक न्यायालय आलं. बाहेरची भिंत तशीच आहे. आतल्या बहुतेक कोठड्या काढल्या, थोड्या दाखवण्यापुरत्या ठेवल्या.