ब्रिस्केटला फक्त मीठ-मिरी? टेक्सासच्या रबमागची गोष्ट

ऑस्टिन, डॅलसकडे स्मोक्ड ब्रिस्केटचा, म्हणजे धुरावर भाजलेल्या गोमांसाच्या छातीकडच्या तुकड्याचा, विषय निघाला की कोणीतरी एकजण हमखास सांगतोच, खऱ्या टेक्सास ब्रिस्केटला मीठ आणि काळी मिरी सोडून दुसरा रब, म्हणजे मांसाला चोळायचा कोरडा मसाला, लावायचा नसतो. इतक्या ठामपणे सांगतात की वाटतं दीडशे वर्षं तिकडे हेच चाललंय. प्रत्यक्षात मीठ-मिरी जुनी आहे हे खरं, पण ब्रिस्केट तेवढं जुनं नाही आणि हा 'फक्त'वाला हट्ट तर त्याहून नवा.

सुरुवात होते एकोणिसाव्या शतकात, सेंट्रल टेक्सासमधे येऊन वसलेल्या जर्मन आणि चेक लोकांपासून. लॉकहार्ट, टेलर, एल्गिन अशा गावांत त्यांची मीट मार्केट्स होती, म्हणजे साधी मांसाची दुकानं. फ्रिज नव्हते, त्यामुळे जे कच्चं विकलं जायचं नाही त्याचं सॉसेज करायचे किंवा मागच्या विटांच्या भट्टीत धुरावर भाजून विकायचे. मसाला काय, तर सॉसेजसाठी दुकानात जे असायचं तेच, मीठ आणि मिरी. कापूस वेचायला आलेले मजूर ते गरम मांस खाकी कागदावर घेऊन तिथेच उभ्याउभ्या खायचे, सोबत बिस्किटं नाहीतर लोणच्याची काकडी, प्लेट नाही आणि सॉस तर नाहीच. आज ज्याला लोक शैली म्हणतात ती मुळात खाटकाची सोय होती, असं माझं मत आहे.

लॉकहार्टचं क्रॉइट्झ मार्केट 1900 पासूनचं, सॉस न देण्यासाठी आणि काटे न ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं प्रसिद्ध होतं. 1999 मधे घरातच फाटाफूट झाली, भाऊ नाव घेऊन नव्या मोठ्या इमारतीत गेला आणि जुनी जागा बहिणीकडे राहिली, तीच आता स्मिटीज. पण गंमत ही की मीठ-मिरीवाल्यांची ही पंढरी, आणि क्रॉइट्झच्या रबमधे लाल तिखटही असतं! म्हणजे 'फक्त मीठ-मिरी' हे लॉकहार्टमधेच पूर्ण खरं नाही.

आता ब्रिस्केट. ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा, पुढच्या पायांच्या मधला भाग, सतत वजन पेलणारा म्हणून चिवट, अख्खा तुकडा पाच-सहा किलोचा आणि मऊ व्हायला बारा-बारा तास मंद आच लागते. या जुन्या दुकानांमधे पुढच्या भागाचं जे मांस असेल ते भट्टीत जायचं, खांद्याचा मोठा तुकडा जास्त चालायचा. ज्यू लोकांकडे ब्रिस्केटची परंपरा जुनी होती, कारण कोशर, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या धार्मिक नियमांत जनावराचा पुढचा भागच सोयीचा पडतो, आणि न्यूयॉर्कच्या रोमेनियन ज्यूंची पास्त्रामी म्हणजे खारवून, वर धने-मिरीची भरड चोळून धुरावलेलं मांस, जवळचंच नातं. पण टेक्सासमधे ब्रिस्केट घरोघरी पोचलं ते 1960 च्या दशकानंतर. 1967 मधे आयबीपी कंपनीने बॉक्स्ड बीफ आणलं, अख्खं अर्धं जनावर पाठवण्याऐवजी तुकडे करून, व्हॅक्यूम पॅक करून खोक्यात. मग दुकानदाराला हवे तेवढे ब्रिस्केटच मागवता यायला लागले, आणि तेव्हा ते स्वस्तही होते.

म्हणजे टेक्सासमधे दुसरे मसाले नव्हते का? भरपूर होते. न्यू ब्रॉनफेल्समधल्या विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसानेच 1890 च्या दशकात मेक्सिकन मिरच्यांची तयार चिली पावडर विकायला सुरुवात केली, जिरं, ओरेगानो वगैरे घालून. ईस्ट टेक्सासमधे कृष्णवर्णीय पिटमास्टर्सची, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्यांची, स्वतंत्र परंपरा, तिकडे मसाला जास्त आणि सॉससुद्धा हवाच. पण हा भाग गोष्टीत नेहमी गाळला जातो आणि जर्मन खाटीक तेवढे लक्षात राहतात, हे मला खटकतं.

साखरेचा रस्ता वेगळा. कॅन्सस सिटीकडे गोड सॉसची आवड, त्यात 1980 नंतर बार्बेक्यू स्पर्धांचं पेव फुटलं, आणि स्पर्धेत परीक्षक एक-दोन घासच खातो, मग त्या घासात सगळं दिसायला हवं म्हणून ब्राउन शुगर, पॅप्रिका, लसूण, कांदा पावडर, एमएसजी (अजिनोमोटो). बाटलीतले बहुतेक तयार रब याच चवीवर बेतलेले असतात. एका घासाला मस्त लागतं पण पाव किलो खायला बसलं की कंटाळा येतो.

मग मीठ-मिरीला एवढी प्रतिष्ठा कुठून आली? मोठा वाटा आरन फ्रँकलिन या बार्बेक्यूवाल्याचा. 2009 च्या शेवटी ऑस्टिनमधे एका ट्रेलरमधे सुरुवात, पुढे तासन्‌तास रांगा, 2015 ला जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतल्या शेफचा मानाचा पुरस्कार. त्याने कृती उघड सांगितली, अर्धं मीठ अर्धी मिरी, आणि जगभर घरी ब्रिस्केट करणाऱ्यांनी ती धर्मग्रंथासारखी उचलली. मिरीसुद्धा साधी नाही, 16 मेशची, म्हणजे इंचाला 16 भोकं असलेल्या चाळणीतून पडेल अशी भरड. कारण असं की मीठ हळूहळू आत जातं पण मिरी वरच राहते, आणि त्या जाड कणांवर चरबी आणि धूर धरून तो काळा खरपूस थर बनतो ज्याला तिकडे बार्क म्हणतात. बारीक मिरपुडीने तसा खडबडीत थर येत नाही.

आणि तरीही, बऱ्याच ठिकाणी गुपचूप लॉरीज सीझन्ड सॉल्ट वापरतात असं बोललं जातं. 1938 पासूनचं ते कॅलिफोर्नियाचं मीठ, त्यात साखर, पॅप्रिका, कांदा, लसूण आणि चक्क हळद!

आपला संबंध एवढाच की मिरी मूळची मलबारची, आणि मिरची उलट मेक्सिकोकडून पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली. बाकी महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैलाचंही मांस बंद, त्यामुळे हा प्रयोग तिकडे राहणारेच करणार.

त्यांच्यासाठी, रब निवडताना आधी आपला स्मोकर, म्हणजे मांस धुरावर शिजवायची भट्टी, बघा. पोस्ट ओक या झाडाची लाकडं जाळणारा ऑफसेट (आग बाजूच्या वेगळ्या पेटीत असलेला स्मोकर) असेल तर धूरच अर्धा मसाला आहे, मीठ-मिरी पुरते. पेलेट ग्रिल (लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी) किंवा ओव्हन असेल तर धूर कमी, तिथे पॅप्रिका-लसूण घातलं तर काही बिघडत नाही, कोण काय म्हणेल ते म्हणो. आणि अर्धं-अर्धं मापताना मिठाचा ब्रँड बघा, मॉर्टनच्या कोशर मिठाचा (जाड दाण्याच्या मिठाचा) एक कप डायमंड क्रिस्टलच्या जवळजवळ पावणेदोन पट जड भरतो, डायमंडचं माप मॉर्टनने घेतलं तर ब्रिस्केट खारट होणार.