रोशा: गुलाबाच्या वासाचं गवत

रोशाचं पान बोटांत चुरडलं की आधी हिरवट, किंचित लिंबाळ वास येतो आणि त्यामागून चक्क गुलाब. काही भागांत या गवताला तिखाडी म्हणतात. गुलाबाशी त्याचं कुळाचं नातं काहीच नाही. दोघांना जोडतो तो जिरॅनिऑल हा दहा कार्बन अणूंचा रेणू. रोशाच्या तेलात तो बहुधा ७० ते ८५ टक्के भरतो. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर जेकबसन यांनी जिरॅनिऑल पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात मिळवलं, तेही भारतातल्या सुगंधी गवताच्या तेलातून.

खानदेशात या तेलाच्या भट्ट्या ओढ्याकाठी लागत, कारण वाफ थंड करायला गार पाणी भरपूर हवं. पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्यावर येतं. तेल असतं फुलोऱ्यात आणि पानांत, दांड्यात जेमतेम. म्हणून शेंड्याकडचा भाग कापून पाण्यात उकळायचा आणि वाफ नळीने गार भांड्यात उतरवायची. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते आपसूक वर तरंगतं.

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई. तिथे ते उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा कमी करत आणि भट्टी लावण्याआधी गुलाबपाकळ्यांवर शिंपडत. किलोभर गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. भेसळीमागचं गणित एवढंच.

तरी जाणकार नाकाला फरक कळतो. खऱ्या गुलाबतेलात सिट्रोनेलॉल भरपूर असतं, शिवाय डॅमॅसिनोनसारखे अगदी लेशमात्र असूनही वासाला गोड खोली देणारे घटक असतात. रोशाचा गुलाब त्यामानाने मोकळा, गवताळ. मला तो तसाच आवडतो, आणि त्याला नुसती नक्कल म्हणणं अन्यायाचं वाटतं. साबणाच्या अल्कलीतही जिरॅनिऑल टिकून राहतं, म्हणून गुलाबी वासाच्या साबणांत रोशाला मोठा मान आहे. अगरबत्तीत आणि अत्तरांतही तो असतो. काहींच्या त्वचेला मात्र जिरॅनिऑलची ॲलर्जी होते. युरोपात ठरावीक प्रमाणापुढे त्याचं नाव वेष्टनावर छापावंच लागतं.

लागवड करणाऱ्याने एक गोष्ट सांभाळावी. रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. शेतात उभे असताना ते जवळपास सारखेच दिसतात, पण गुलाबाच्या वासाचं, चांगला भाव मिळणारं तेल मोतियाचंच. तेव्हा बियाणं घेण्याआधी त्या पिकाचं तेल हुंगून पाहावं.