समसंख्य अणुकेंद्रके आणि न जुळणारी जोडी

हेलियम, कार्बन, ऑक्सिजन यांची उदाहरणे शिकताना प्रोटॉन आणि न्यूट्रॉन समसमान असले की अणुकेंद्रक स्थिर असते, असा समज नकळत रुजतो. प्रत्यक्षात अशा स्थिर केंद्रकांची यादी कॅल्शियम-४० पाशी संपते. त्यापुढे प्रोटॉनांमधील विद्युत प्रतिकर्षण इतके वाढते की, न्यूट्रॉन अधिक असल्याखेरीज केंद्रक टिकत नाही. २८ प्रोटॉन आणि २८ न्यूट्रॉन असलेल्या निकेल-५६ चे अर्धायुष्य जेमतेम सहा दिवसांचे आहे. समसंख्येत, म्हणजे दोन्ही कण सारख्याच संख्येने असण्यात, ‘विश्वाचा समतोल’ पाहणाऱ्यांना येथे आधार मिळणार नाही.

तरीही समसंख्येत काहीतरी विशेष आहे. केंद्रकांची मोजलेली वस्तुमाने पाहिली, तर दोन्ही कणांच्या संख्या जुळतात तेथे बंधन ऊर्जा, म्हणजे केंद्रक पूर्ण सुटे करण्यास लागणारी ऊर्जा, अपेक्षेहून थोडी अधिक भरते. या जादा बंधनाला ‘विग्नर ऊर्जा’ म्हणतात. प्रत्येक कण इतरांच्या सरासरी क्षेत्रात फिरतो असे मानणारी प्रतिमाने ते पुरेसे देत नाहीत, म्हणून अनेक वस्तुमान-सूत्रांत त्यासाठी वेगळे पद जोडले जाते, आणि माझ्या मते ही निव्वळ सोय आहे, स्पष्टीकरण नव्हे.

स्पष्टीकरणाचा शोध जोड्यांपाशी पोहोचतो. एकाच कक्षेतील दोन न्यूट्रॉन विरुद्ध स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) घेऊन जोडी करतात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे भिन्न कण असल्याने पाउलीचे विवर्जन तत्त्व (दोन एकसारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) त्यांना समांतर स्पिनचीही मुभा देते. ड्यूटेरॉन, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांचे केंद्रक, ही अशीच समांतर जोडी असून ती २.२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेली आहे, तर दोन न्यूट्रॉनांची बद्ध जोडी आढळतच नाही. मग समसंख्य केंद्रकांत, जेथे दोन्ही कण सारख्याच कक्षांत असतात, समांतर जोड्यांचेच राज्य का नसावे?

अडथळा आहे तो स्पिन-कक्षा आंतरक्रियेचा, म्हणजे कणाचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती यांच्यातील परस्परक्रियेचा, ज्यावर मेयर आणि येन्सन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये कवच प्रतिमान (केंद्रकातील कण थराथराने कक्षा भरतात, असे मानणारे) उभारले. स्पिन कक्षीय कोनीय संवेगाच्या दिशेने असलेली कक्षा या आंतरक्रियेमुळे खाली सरकते आणि विरुद्ध दिशेची वर जाते. समांतर जोडीला या दोन्ही कक्षांचे मिश्रण लागते, म्हणून त्यांच्यातील अंतर वाढले की तीच जोडी दुबळी होते. विरुद्ध स्पिनच्या जोडीचे एका कक्षेवर भागते. म्हणूनच ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन असलेल्या नायट्रोजन-१४ च्या तळच्या अवस्थेत एकूण कोनीय संवेग समांतर जोडीसारखा १ आढळतो, तर २१ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन असलेल्या स्कँडियम-४२ मध्ये तो विरुद्ध जोडीसारखा शून्य होतो.

फ्रान्समधील गानिल या संशोधन केंद्रात ४६ प्रोटॉन आणि ४६ न्यूट्रॉन असलेल्या पॅलेडियम-९२ च्या उत्तेजित ऊर्जा-पातळ्या प्रथमच मोजल्या गेल्या; ते निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील जवळजवळ समान अंतरे पाहून संवेग एका दिशेस वळवलेल्या प्रोटॉन-न्यूट्रॉन जोड्यांचे चित्र मांडले गेले, परंतु केवळ पातळ्यांच्या अंतरांवरून जोडीचा प्रकार निश्चित ठरत नाही. त्यासाठी केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकदम घालण्याच्या किंवा त्यातून काढण्याच्या अभिक्रिया अधिक बोलक्या ठरतात, कारण संवेग शून्य आणि संवेग एक असलेल्या अवस्था त्यांत किती प्रमाणात निर्माण होतात हे थेट मोजता येते.