घड्याळाच्या पाठीवरचे शब्द

गेल्या जुलैत गुंजवण्याहून चोरदरवाज्याने राजगड चढलो. पद्मावती माचीवर पोचेपर्यंत घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरली होती आणि संध्याकाळी खाली उतरलो तेव्हा काटे पावणेदोनलाच अडलेले. घड्याळाच्या पाठीवर मात्र ठसठशीत कोरलंय: वॉटर रेझिस्टंट, ३० मीटर. मी ३० मीटर काय, गुडघाभर पाण्यातही उतरलो नव्हतो. नुसता पाऊस अंगावर घेतला होता.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून पाठ उघडली आणि चिमट्याने एक काळी रबरी रिंग उचलून दाखवली. दोऱ्याइतकी बारीक, एका जागी चपटी होऊन चिरलेली.

"सेल कधी बदललात?"

"एप्रिलमध्ये."

"मग तेव्हाच गेलं हे. पाठ नीट न बसवता अंगठ्याने दाबून लावलीय."

तेव्हापासून ट्रेकसाठी घड्याळ घ्यायचं म्हणून कोणी सल्ला विचारला की मी आधी डायलवर आणि पाठीवर काय लिहिलंय ते वाचायला लावतो. वॉटर रेझिस्टंट, शॉकप्रूफ, १७ ज्वेल्स, सफायर. हे शब्द काही जाहिरातवाल्याला एका दुपारी सुचलेले नाहीत. एकेकाच्या मागे कुठलं तरी मोडलेलं घड्याळ आहे.

मुळात घड्याळ मनगटावर आलं तेच उशिरा. कोटाच्या खिशात असायचं तेव्हा त्याला ना धूळ, ना घाम, ना दगडाचा ठोसा. मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना, पुरुषाने घालू नये, असा युरोपात समज होता. तो मोडला लढाईने. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) ब्रिटिश अधिकारी खिशातलं घड्याळ चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधत. १९१४ नंतर खंदकांत तर गत्यंतरच उरलं नाही. तोफखान्याचा मारा मिनिटाच्या हिशोबाने, हातात बंदूक, मग खिसा चाचपायचा कधी? त्या काळच्या घड्याळांच्या काचेवर धातूची जाळी बसवलेली दिसते, आणि अंधारात आकडे दिसावेत म्हणून रेडियमचा रंग. हा रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. त्यांतल्या कित्येकींची हाडं त्या रेडियमने पोखरली. आज काट्यांवर असतो तो रंग किरणोत्सारी नाही, उजेड पिऊन घेतो आणि अंधारात सोडतो. १९९३ साली नेमोतो या जपानी कंपनीने तो आणला. पहाटे तीनला तंबूत किती वाजले ते बघताना हे आठवायला हरकत नाही.

काच फुटण्याच्या तक्रारीचा एक धागा थेट हिंदुस्थानात पोचतो. १९३०च्या सुमारास सेझार द त्रे हा घड्याळांचा व्यापारी इथे आला असताना पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याच्यापुढे फुटक्या काचांचं गाऱ्हाणं मांडलं. त्यावर फ्रेंच अभियंता रेने-आल्फ्रेड शोव्हो याने चौकटीतल्या चौकटीत उलटं फिरणारं घड्याळ काढलं आणि मार्च १९३१मध्ये त्याचं पेटंट घेतलं. खेळताना काच आत, पोलादी पाठ बाहेर. हेच रिव्हर्सो. आता ते लग्नात सूटवर मिरवायचं घड्याळ झालंय, किंमत विचारूच नका.

आता पाण्याकडे येऊ, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर खरा शत्रू तोच.

घड्याळात पाणी शिरायला वाटा तीन: काचेची कड, पाठीची कड आणि चावीचं भोक. पहिल्या दोन बंद करणं तुलनेने सोपं. चावी मात्र रोज फिरवायची असते, म्हणजे तिच्या दांडीला भोकात सैल फिरता यायलाच हवं, आणि दांडी सैल म्हणजे पाण्याला वाट मोकळी. १९२५ साली पेरेगो आणि पेरे या दोन स्विस कारागिरांनी बाटलीच्या झाकणासारखी आटे देऊन घट्ट करायची चावी काढली. रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने ते पेटंट विकत घेतलं आणि १९२६मध्ये सगळीकडून आटे देऊन बंद केलेलं घड्याळ बाजारात आणलं. नाव ठेवलं ऑयस्टर, म्हणजे कालव.

त्याची जाहिरात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. ऑक्टोबर १९२७मध्ये मर्सिडीस ग्लायट्झ ही इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. लगेच दुसऱ्या एका बाईने आपणही खाडी पोहल्याची थाप मारली, ती उघडी पडली आणि संशय ग्लायट्झवरही आला. तो फेडायला ती त्याच महिन्यात पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी गळ्यात ऑयस्टर होतं. दहा तासांहून जास्त वेळ थंडीशी झुंजून अखेर तिला नावेत ओढून घ्यावं लागलं. म्हणजे ही खेप पुरी झालीच नाही. घड्याळ मात्र चालू होतं, आणि नोव्हेंबरात विल्सडॉर्फने 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात दिली. लक्षात घ्या, घड्याळ गळ्यात होतं, पाणी कापणाऱ्या मनगटावर नव्हतं. मला ही गोष्ट म्हणूनच आवडते. पाण्याच्या दाव्यातली बारीक अक्षरं तेव्हापासूनची आहेत.

तरी एक भानगड उरलीच. आट्याची चावी उघडून घड्याळाला चावी दिली आणि पुन्हा आवळायला विसरलं, की संपलं. त्यावर इलाज म्हणून १९३१ साली रोलेक्सने हाताच्या हालचालीवर आपोआप चावी बसणारं घड्याळ आणलं. चावीला हात लावायलाच नको.

दुसरा शत्रू धक्का. चावीच्या घड्याळात बॅलन्स व्हील नावाचं चाक सेकंदाला पाच-सहा वेळा झोके घेतं. त्याच्या दांडीची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाड, आणि ती टेकतात ज्वेल्सवर, म्हणजे कृत्रिम माणकाच्या खड्यांवर. '१७ ज्वेल्स' म्हणजे असे १७ खडे. त्यांचा दागिन्याशी संबंध नाही, घर्षण कमी व्हावं एवढंच त्यांचं काम. घड्याळ फरशीवर पडलं की नेमकी ही टोकं तुटतात. ब्रेगे या घड्याळजीने १७९०मध्येच पॅरिसमध्ये खड्याला स्प्रिंगवर टेकवायची युक्ती काढली होती. पण ती सर्वसामान्यांच्या घड्याळांत आली १९३०च्या दशकात, इंकाब्लॉक या स्विस रचनेने. लायर या तंतुवाद्याच्या आकाराची छोटी स्प्रिंग, धक्का बसला की खडा किंचित सरकतो आणि परत जागेवर.

जपानच्या सिटिझनने १९५६मध्ये आपली अशीच रचना आणली आणि तिला नाव दिलं पॅराशॉक. लोकांसमोर हेलिकॉप्टरमधून घड्याळं खाली टाकून दाखवली. १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला तो याच सिटिझनच्या साहाय्याने. आमच्या वडिलांच्या एचएमटी जनताच्या डायलवर 'पॅराशॉक' लिहिलेलं आहे. लहानपणी मला ते घड्याळाचं आडनाव वाटायचं. त्याची काच प्लास्टिकची, लगेच चरे पडणारी, पण टूथपेस्ट लावून घासली की पुन्हा लख्ख. उन्हातान्हात शेतावर, सायकलवर, एसटीत ते घड्याळ वर्षानुवर्षं चाललं. पाण्याशी मात्र त्याचं जमत नसे. पावसाळ्यात ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात जायचं.

क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर स्फटिकाच्या कंपनाने वेळ राखणारं घड्याळ, आल्यावर बॅलन्स व्हीलच गेलं. सेकोचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९चं. नाजूक टोकं गेली, तरी पडल्यावर फुटायला बाकीचं होतंच. १९८१ साली कॅसिओतला तरुण अभियंता किकुओ इबे याच्या हातून वडिलांनी दिलेलं घड्याळ जमिनीवर पडून फुटलं. त्याने कंपनीकडे एका ओळीचा प्रस्ताव दिला: पडलं तरी न मोडणारं घड्याळ. मग तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाच्या खिडकीतून नमुने खाली टाकायचे, खाली जाऊन वेचायचे, पुन्हा बनवायचे. सुमारे २०० नमुने झाले. दरवेळी एकच काहीतरी तुटे. डिस्प्ले सावरला की कॉइल, कॉइल सावरली की क्वार्ट्झ. शेवटी बागेत एका मुलीला रबरी चेंडू आपटताना पाहून त्याला उत्तर सापडलं: आतलं यंत्र बाहेरच्या कवचाला घट्ट बसवायचंच नाही, मोजक्या ठिकाणी टेकवून जवळजवळ तरंगतं ठेवायचं. एप्रिल १९८३मध्ये जी-शॉक बाजारात आलं. अट तीन दहांची होती: १० मीटरवरून पडणं, १० बार (सुमारे १०० मीटर खोलीइतका) पाण्याचा दाब, १० वर्षांचा सेल. जपानात सुरुवातीला ते फारसं खपलं नाही. अमेरिकेत आइस हॉकीच्या चकतीऐवजी हेच घड्याळ मारण्याची जाहिरात आली, ही फसवणूक आहे का म्हणून टीव्हीवाल्यांनी चाचणी घेतली, घड्याळ टिकलं, आणि मग गाडी सुटली.

आता त्या ३० मीटरबद्दल. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २२८१० प्रमाणे घड्याळावर प्रयोगशाळेत तेवढ्या खोलीइतका दाब दिला जातो, पण घड्याळ स्थिर असतं, नवं असतं, आणि रबर ताजं असतं. याच मानकात आणखी एक चाचणी आहे: घड्याळ ४० ते ४५ अंशांवर तापवायचं आणि काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा. आत ओल असेल तर काचेला वाफ धरते. राजगडावर माझ्या घड्याळाची नेमकी तीच परीक्षा झाली. चढताना अंगाने तापलेलं, वरून गार पाऊस. पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ ६४२५. त्यात खोली किमान १०० मीटर, दाब २५ टक्के जादा, आणि मासल्यापुरती चारदोन नव्हे, प्रत्येक घड्याळाची चाचणी. धक्क्याचं मानक आयएसओ १४१३, एक मीटरवरून कठीण लाकडावर पडण्याइतकं. सह्याद्रीचा कातळ लाकूड नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझा हिशोब सरळ आहे. पावसाळी ट्रेकला १०० मीटरच्या खाली जायचं नाही. सफायर काच म्हणजे कृत्रिम नीलम, तिला सहसा चरा पडत नाही, पण ती कडेवर आपटली तर टवका उडतो. साधी मिनरल काच चरे घेईल, बदलायलाही स्वस्त. चामड्याचा पट्टा जुलैत बुरशी धरतो, त्याला घरीच ठेवा. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ साली ठरवून दिलेला नायलॉनचा पट्टा अजून मिळतो. तो दोन्ही पिनांच्या खालून ओवलेला असतो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दरीत जात नाही, दुसरीवर लोंबत राहतं.

घड्याळजींनी नवी रिंग लावण्याआधी तिला करंगळीने थोडं सिलिकॉन ग्रीस चोळलं, पाठ यंत्रात धरून दाबली आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. रिंगचे तीस रुपये. सेल चांगला होता, त्याचे काही घेतले नाहीत.